फेअरनेस गृहीत धरून गुणधर्म सिद्ध केला तर ती लबाडी ठरते का?

प्रश्न एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचा आहे. फेअरनेस म्हणजे वाट पाहणाऱ्याचा नंबर केव्हातरी लागतोच, असे गृहीत; त्याचे वीक आणि स्ट्राँग हे प्रकार पुढे येतील. प्रश्न थोडक्यात असा: "एक सर्व्हर आणि दोन क्लायंट असलेले मॉडेल मी प्रोमेलात, म्हणजे मॉडेल तपासणाऱ्या स्पिन या साधनाच्या भाषेत लिहिले. चॅनेल हॅण्डशेकचे आहेत, म्हणजे देणारा आणि घेणारा एकाच वेळी तयार असतील तरच निरोप जातो. 'प्रत्येक क्लायंटला केव्हातरी उत्तर मिळते' हा गुणधर्म स्पिनने खोटा ठरवला. वीक फेअरनेसचा पर्याय चालू केल्यावर एक प्रतिउदाहरण (गुणधर्म मोडणारे वर्तन) गेले, दुसरे राहिले. मार्गदर्शक म्हणतात, स्ट्राँग फेअरनेस गृहीत धर, सुटेल. मला हे उत्तर आधी ठरवून मग गणित मांडल्यासारखे वाटते. ही लबाडी नाही का?"

मी याला उसनवारी म्हणतो. फेअरनेस गृहीत धरला की आपण कोणाकडून तरी काहीतरी उसने घेतो: कोणाची पाळी केव्हा ते ठरवणाऱ्या शेड्युलरकडून, सर्व्हरचा कोड लिहिणाऱ्याकडून, कधी नेटवर्कच्या तारेकडून. तो ते देणार आहे याची खात्री करून घेतली असेल तर सिद्धता पक्की. त्याला विचारलेच नसेल तर सिद्धता कागदावर राहते आणि यंत्र वेगळेच वागते. मी गोव्यात फोंड्याला राहतो. वेर्णा आणि कुंडई इथल्या कारखान्यांसाठी नियंत्रणाचे आणि संदेशवहनाचे सॉफ्टवेअर लिहिण्यात वीसेक वर्षे गेली, आणि ही उसनवारी चुकल्यावर काय होते ते मी पाहिले आहे. ते पुढे सांगतो. आधी तुमची दोन प्रतिउदाहरणे वेगळी करू, कारण ती एका जातीची नाहीत.

पहिल्या प्रतिउदाहरणात क्लायंट दोन अजून सर्व्हरच्या दारातही आलेला नाही. त्याला आपली विनंती तयार करायची आहे. त्या कामासाठी त्याला सर्व्हर लागत नाही, चॅनेल लागत नाही. तरी स्पिन म्हणतो की क्लायंट एक आणि सर्व्हर अनंतकाळ बोलत राहतील आणि क्लायंट दोन पहिले पाऊलसुद्धा टाकणार नाही. रायबंदरच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर गाड्या चढत-उतरत राहिल्या म्हणून मडगावात चुलीवर ठेवलेला चहा कधीच उकळणार नाही, असे म्हणण्यासारखे हे आहे. दोष इंटरलीव्हिंगचा आहे. एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टी आपण एका ओळीत एकामागून एक मांडतो, आणि त्या ओळीत एखाद्याचा नंबर कधीच लागला नाही तरी कागदाला ते चालते. असे वर्तन बाद करण्यासाठी काही उसने घ्यावे लागत नाही. रॉब व्हान ग्लाबेक आणि पीटर हॉफ्नर यांनी 2019 मध्ये एसीएम कम्प्युटिंग सर्व्हेज या नियतकालिकात या विषयाचा मोठा आढावा घेतला. त्यांनी या किमान अपेक्षेला 'जस्टनेस' म्हटले आहे: एखादी कृती शक्य झाली की केव्हातरी ती घडते, नाहीतर तिच्यासाठी लागणाऱ्या घटकांपैकी कोणीतरी दुसऱ्या कशात तरी गुंततो. तुमच्या क्लायंट दोनच्या कामाला फक्त तो स्वतःच लागतो. त्याला कोणी गुंतवत नाही, म्हणून ते काम होणारच. वीक फेअरनेसच्या पर्यायाने हे प्रतिउदाहरण गेले ते याचमुळे. तिथे मनात काही शंका ठेवू नका.

दुसरे प्रतिउदाहरण मात्र खरे आहे. त्यात क्लायंट दोन दारात उभा आहे, सर्व्हर मोकळा होतो, आणि दर वेळी क्लायंट एकलाच आत घेतो.

हे समजायला चोडणची फेरीबोट घ्या. समजा धक्क्यावर एक चारचाकी उभी आहे आणि बोटीवरच्या माणसाची सवय अशी की बोट लागली की आधी सगळ्या दुचाक्या घ्यायच्या. दुचाक्या येतच राहतात, बोट भरते, निघते. चारचाकीला चढणे केव्हा शक्य होते? बोट धक्क्याला लागून फळी खाली आली की. बोट मांडवी नदीच्या मध्यावर असताना ते अशक्यच असते. म्हणजे चढण्याची शक्यता येते, जाते, पुन्हा येते. वीक फेअरनेसचे वचन एवढेच: एखादी कृती एका क्षणापासून पुढे *सतत* शक्य राहिली तर ती घडेल. चारचाकीची शक्यता सतत राहत नाही, त्यामुळे हे वचन तिला लागूच होत नाही. वीक फेअरनेस अक्षरशः पाळूनसुद्धा ती गाडी जन्मभर ताटकळत ठेवता येते. स्ट्राँग फेअरनेसचे वचन मोठे आहे: कृती *पुन्हा पुन्हा, अगणित वेळा* शक्य होत असेल, मध्ये कितीही वेळा अशक्य झाली तरी, ती घडेल. हे पाळायचे तर बोटीवरच्या माणसाला लक्षात ठेवावे लागते की ही गाडी मागच्या खेपेलाही इथेच होती. स्मरण ठेवावे लागते, आणि स्मरण फुकट मिळत नाही. लेहमान, प्नुएली आणि स्ताव्ही यांनी 1981 मध्येच ही वर्गवारी मांडली. त्यांच्या लेखात वीकला 'जस्टिस' म्हटले आहे. वर सांगितलेला जस्टनेस वेगळा आहे, वाचताना गल्लत करू नका.

हॅण्डशेकच्या मॉडेलमध्ये हा फरक इतका का बोचतो, तेही यात आले. इथे एका कृतीला दोन मालक असतात. एक जण तयार राहून पुरत नाही. समोरचा दुसऱ्या कामात गेला की शक्यता संपते. सामायिक मेमरीच्या प्रोग्रॅमपेक्षा शक्यतेचे असे लुकलुकणे इथे फार जास्त, म्हणून वीक फेअरनेस इथे पटकन अपुरा पडतो.

त्यातून आणखी एक प्रश्न निघतो, जो पुष्कळ जण विचारतच नाहीत: फेअरनेस कोणाला? प्रोसेसला (म्हणजे क्लायंट किंवा सर्व्हरसारख्या चालत्या प्रोग्रॅमला), चॅनेलला, की नेमक्या त्या संवादाला? समजा एकच क्लायंट सर्व्हरला दोन चॅनेलवरून निरोप पाठवतो, एकावर माहिती आणि दुसऱ्यावर 'थांब'. सर्व्हर कायम माहितीच घेत राहिला तर प्रोसेसच्या पातळीवर सगळे न्याय्य आहे. क्लायंटला अगणित वेळा भाग मिळतोच आहे. उपाशी राहतो तो 'थांब'. त्यामुळे अहवालात नुसते 'स्ट्राँग फेअरनेस गृहीत धरला' हे वाक्य अर्धे आहे. कशावर, ते लिहा.

आता माझा अनुभव. एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर वजनकाट्याची मोजमापे गोळा करणारा प्रोग्रॅम होता. काट्याकडून मोजमापे येत आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवरून आज्ञा येत. मॉडेल मी लिहिले होते, आणि त्यात आज्ञेच्या चॅनेलवर स्ट्राँग फेअरनेस गृहीत धरला होता. 'थांब म्हटल्यावर लाइन केव्हातरी थांबते' हे सिद्ध झाले. कोड दुसऱ्याने लिहिला. त्याने अगदी स्वाभाविकपणे असे केले: आधी मोजमापांची रांग रिकामी कर, मग आज्ञा आली आहे का बघ. चाचणीत लाइन सावकाश चालत होती, रांग रिकामी होत होती, सगळे सुरळीत. पुढे लाइनचा वेग वाढवला आणि रांग रिकामी होणेच थांबले. ऑपरेटर स्क्रीनवर थांब दाबत होता आणि खोकी पुढे सरकत होती. आणीबाणीचे लाल बटण वेगळ्या तारेवर होते, त्याने लाइन थांबली, कोणाला इजा झाली नाही. चूक कोडची होती असे मी म्हणत नाही. मी उसने घेतले होते आणि ज्याच्याकडून घेतले त्याला सांगितलेच नव्हते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मॉडेलच्या वर एक तक्ता असतो: कोणते गृहीत, कोणत्या कृतीवर, आणि ते खरे करण्याची जबाबदारी कोडच्या कोणत्या भागावर. तिसरा रकाना रिकामा राहिला तर काम पुढे जात नाही.

तुम्हाला वाटलेली लबाडीची शंका मोठ्या संगणकशास्त्रज्ञांनाही आली होती. टोनी होअर यांनी 1978 मध्ये सीएसपीचा, म्हणजे एकमेकींना निरोप देणाऱ्या प्रोसेस मांडण्याच्या भाषेचा, पहिला लेख लिहिला, त्यात एक छोटा प्रोग्रॅम आहे. एक प्रोसेस दुसरीला 'थांब' असा निरोप देऊ पाहते. दुसरी एका लूपमध्ये आहे: दर फेरीत एकतर निरोप घ्यायचा, नाहीतर एक आकडा एकने वाढवायचा. फेअरनेस धरला तर हा प्रोग्रॅम थांबणारच. पण थांबेल तेव्हा आकडा कितीही असू शकतो, त्याला वरची मर्यादा नाही. एरवी, दर टप्प्यावर मोजकेच पर्याय असलेला प्रोग्रॅम प्रत्येक वाटेने थांबतो असे असेल, तर त्याची शेवटची उत्तरेही मोजकीच असतात. ते कोनिगच्या सिद्धान्तावरून निघते. फेअरनेस आला की तो हिशेब मोडतो. होअर यांचा निर्णय स्पष्ट होता: भाषेने अंमलबजावणीवर फेअरनेसची सक्ती करू नये, प्रोग्रॅम थांबतो हे प्रोग्रॅमरने फेअरनेसचा आधार न घेता सिद्ध करावे, आणि या हिशेबाने तो छोटा प्रोग्रॅम चुकीचा आहे.

डाइकस्ट्रा यांनी 1987 च्या एका टिपणात याहून कडक भूमिका घेतली. त्यांचा युक्तिवाद असा, की फेअरनेस मोडला हे कोणत्याही मर्यादित निरीक्षणातून दाखवता येत नाही. यंत्र कितीही वेळ वाट पाहायला लावो, 'पुढे नंबर लागेल' असे ते म्हणू शकते. जी अट मोडल्याचे पकडता येत नाही, ती अट कराराला काय कामाची? यावर चंडी आणि मिश्रा यांनी, तसेच श्नायडर आणि लॅम्पोर्ट यांनी उत्तरे दिली. त्यांचा रोख असा की हाच न्याय लावला तर 'प्रोग्रॅम केव्हातरी थांबतो' हे विधानही निरर्थक ठरेल. तेही मर्यादित वेळ पाहून खोटे ठरवता येत नाही. के. मणी चंडी मद्रासच्या आयआयटीत शिकलेले आणि जयदेव मिश्रा कानपूरच्या. त्यांची प्रोग्रॅम मांडण्याची युनिटी ही पद्धत एका सरळ फेअरनेसवरच उभी आहे: प्रत्येक विधानाची पाळी अगणित वेळा येते.

मला हा वाद वाचताना दोन्ही बाजू पटतात, आणि का ते नेमके सांगता येते. मॉडेलमध्ये 'केव्हातरी' हा शब्द फार मोलाचा आहे. शेड्युलर दर पाच मिलिसेकंदांनी पाळी देतो की पन्नास, हे आकडे सिद्धतेत ओढले तर ती वाचवत नाही, आणि उद्या प्रोसेसर बदलला की पुन्हा पहिल्यापासून. फेअरनेस म्हणजे 'मर्यादा काहीतरी आहे, किती ते इथे विचारू नका' असे म्हणण्याची सोय. पण कारखान्याशी करार करताना 'केव्हातरी' चालत नाही, तिथे 'किती वेळात' लिहावे लागते. डाइकस्ट्रा यांची हरकत करारासाठी बरोबर आहे. चंडी, मिश्रा, लॅम्पोर्ट यांचे म्हणणे सिद्धतेसाठी बरोबर आहे. ज्याने सिद्धतेतला 'केव्हातरी' तसाच उचलून करारात घातला, त्याची अडचण होणार.

आता तुमच्या प्रश्नाच्या थोडे पलीकडे, कारण ही गोष्ट मला उशिरा कळली आणि तुम्हाला लवकर कळावी असे वाटते. आपण फेअरनेस गृहीत धरला नाही असे आपल्याला वाटते, तेव्हाही निवडलेल्या सिद्धान्ताने तो धरलेला असू शकतो. ऑल्टरनेटिंग बिट प्रोटोकॉल घ्या, 1969 पासूनचा. तार निरोप गिळते, पाठवणारा पुन्हा पाठवतो. गिळणे आणि पुन्हा पाठवणे या आतल्या हालचाली झाकल्या की उरते ते असे: आतल्या आत कितीही वेळा फिर, किंवा निरोप पोचव. मिल्नर यांच्या सीसीएसमधल्या (हीही प्रोसेस मांडण्याची भाषा) वीक बायसिम्युलेशनने, म्हणजे बाहेरून दिसणारे वर्तन तेवढे जुळवणाऱ्या कसोटीने, पाहिले तर ही प्रक्रिया आणि सरळ निरोप पोचवणारी प्रक्रिया समान ठरतात. आतल्या फिरण्याची दखलच घेतली जात नाही, म्हणजे 'केव्हातरी त्यातून बाहेर पडेल' हे न बोलता धरलेले असते. समीकरणांच्या भाषेत या सोयीला कूमेन यांचा फेअर अॅब्स्ट्रॅक्शनचा नियम म्हणतात. सीएसपीच्या फेल्युअर्स-डायव्हर्जन्सेस मॉडेलने, म्हणजे प्रक्रिया काय नाकारू शकते आणि कुठे आतल्या आत फिरत राहू शकते हे नोंदणाऱ्या मॉडेलने, तीच प्रक्रिया पाहिली तर ती सर्वांत वाईट ठरते. आतल्या आत अनंत फिरण्याची नुसती शक्यता असली की तिच्याकडून कशाचीच हमी उरत नाही. एकच प्रोटोकॉल, एका ठिकाणी उत्तीर्ण, दुसऱ्या ठिकाणी पूर्ण नापास. यातले एकही चूक नाही. पावसाळ्यात झाड पडून तार तुटली तर निरोप कधीच पोचणार नाही, आणि ते सीएसपी लपवत नाही. तार कधीमधीच निरोप गिळते असे खात्रीने ठाऊक असेल तर सीसीएसची सोय योग्य आहे. मात्र वीक बायसिम्युलेशन वापरताना एक लक्षात असू द्या: नुसती आतल्या आत फिरणारी, कधीच बाहेर न येणारी प्रक्रियाही त्यात डेडलॉकच्या, म्हणजे जागीच अडकून पडण्याच्या, समान ठरते. निष्फळ फिरणे शोधायचे असेल तर दुसरे साधन घ्या.

अशीच एक खोच सामायिक चलाची. पीटरसन यांचा 1981 चा म्युच्युअल एक्स्क्लुजनचा (दोघींनी एकाच वेळी आत शिरू नये यासाठीचा) अल्गोरिदम सीसीएसमध्ये मांडताना चल हीसुद्धा एक प्रोसेस होते, आणि तो वाचणे हा तिच्याशी हॅण्डशेक. एक प्रोसेस वाट पाहत तोच चल सतत वाचत राहिली की, मॉडेलच्या नजरेने, चल कायम गुंतलेला. दुसरीला त्यात लिहायचे असते, तिला जागा मिळत नाही. व्हान ग्लाबेक आणि हॉफ्नर यांनी 2015 मध्ये दाखवले की फेअरनेसचे काही गृहीत न घेता सीसीएसमध्ये फेअर शेड्युलर मांडताच येत नाही. प्रत्यक्ष मेमरीत वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याला अडवले पाहिजे असे काही नसते. म्हणजे काही वेळा फेअरनेसची गरज प्रणालीची नसतेच, आपण निवडलेल्या लिखाणाची असते. स्ट्राँग फेअरनेस मागण्याआधी एकदा बघा: ही उपासमार खऱ्या यंत्रात होऊ शकते, की ती फक्त माझ्या मांडणीत आहे?

तुमच्या बाबतीत ती खऱ्या यंत्रातही होऊ शकते. सर्व्हरचा कोड ठरावीक क्रमाने चॅनेल बघत असेल तर नक्कीच. गो भाषेच्या सिलेक्टमध्ये, म्हणजे अनेक चॅनेलांतून एक निवडणाऱ्या विधानात, एकाहून अधिक पर्याय तयार असतील तर भाषा त्यांतला एक यादृच्छिकपणे, समान संधीने निवडते. त्यामुळे उपाशी राहण्याची संभाव्यता शून्याकडे जाते, पण एखाद्याला लांब वाट पाहावी लागणारच नाही अशी मर्यादा मिळत नाही. जावाच्या रीएन्ट्रंटलॉकमध्ये (लॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) फेअर पर्याय मागून घ्यावा लागतो. न मागता मिळतो तो अनफेअर, कारण त्यात एकूण काम जास्त उरकते. गोच्या म्युटेक्स या लॉकमध्ये 1.9 आवृत्तीपासून एक चांगली व्यवस्था आहे: कोणी एक मिलिसेकंदाहून अधिक खोळंबला की नवे येणारे पुढे घुसू शकत नाहीत, लॉक थेट रांगेतल्या पहिल्याच्या हातात जाते. 'केव्हातरी'ला आकडा देणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

म्हणून मार्गदर्शकांचा सल्ला मी थोडा बदलून देईन. स्ट्राँग फेअरनेस उसना घेऊ नका, त्याची गरजच काढून टाका. हॅण्डशेकऐवजी प्रत्येक क्लायंटला स्वतःचे, एकाच निरोपाची जागा असलेले चॅनेल द्या. त्यात विनंती ठेवायला दुसरा कोणी आडवा येत नाही, त्यामुळे ती कृती एकदा शक्य झाली की शक्यच राहते, आणि तिथे वीक फेअरनेस पुरतो. सर्व्हरने मागच्या वेळी कोणाला सेवा दिली ते एका चलात ठेवावे आणि पुढच्याच्या जागेपासून बघायला सुरुवात करावी. जागा रिकामी असेल तर थांबू नये, पुढे जावे. फेरीबोटीवरच्या माणसाला जे स्मरण लागत होते, ते हेच. अवस्थांची संख्या थोडी वाढेल, स्पिनमध्ये फेअरनेस चालू ठेवल्यावर प्रोसेसच्या संख्येप्रमाणे आणखी वाढेल, पण दोन क्लायंटना काहीच अडचण नाही. गुणधर्म उत्तीर्ण झाला पाहिजे.

उत्तीर्ण झाल्यावर लगेच 'सर्व्हर कधीच कोणाला उत्तर देत नाही' असा मुद्दाम खोटा गुणधर्म त्याच गृहीतांवर तपासा. तो नापास व्हायलाच हवा. तोही उत्तीर्ण झाला तर समजा की तुमच्या गृहीतांनी सगळीच वर्तने बाद केली आहेत आणि रिकाम्या यादीवर काहीही सिद्ध होते आहे. फेअरनेस हाताने टेम्पोरल सूत्रात ('केव्हातरी', 'नेहमी' असे काळाबद्दल बोलणाऱ्या सूत्रात) लिहिताना हे फार सहज घडते. नियम असा की कोणतेही मर्यादित वर्तन पुढे वाढवून न्याय्य करता आले पाहिजे. गृहीताने सुरुवातीची पावलेच अडवली तर ते फेअरनेस राहिले नाही.

शेवटी उत्तर परत देण्याची बाजू बघा. ती तुमच्या मॉडेलमध्ये अजून हॅण्डशेकच आहे. सर्व्हर उत्तर हातात धरून उभा आणि क्लायंट एक ते घ्यायला आलाच नाही, तर क्लायंट दोन पुन्हा उपाशी. आज हे प्रतिउदाहरण दिसत नाही, कारण वीक फेअरनेस क्लायंट एकलाही पुढे ढकलतो. म्हणजे इथे तुम्ही क्लायंटकडून उसने घेतले आहे, की तो मध्येच बंद पडणार नाही. क्लायंटच्या प्रोसेसमध्ये 'इथे कायमचा थांब' असा एक पर्याय घाला आणि पुन्हा चालवा. तिसरे प्रतिउदाहरण येईल. ते घालवायला कोणत्याही जातीचा फेअरनेस उपयोगी पडणार नाही. तिथे सर्व्हरला टाइमआउट, म्हणजे ठरावीक वेळेनंतर वाट पाहणे सोडण्याची सोय, द्यावी लागेल, नाहीतर उत्तरासाठीही प्रत्येकाची वेगळी जागा.